चित्रातला दात

आमची आत्याबाई चांदूर बाजार तालुक्यातली. वय पंचाहत्तरीच्या आसपास, कान शाबूत, बोलणे रोखठोक. आणि तोंडात जे दात उरले होते त्यांच्याशी तिचे संबंध गेली दहा वर्षे ताणलेलेच. मागल्या पावसाळ्यात खालची एक दाढ रात्ररात्र ठणकू लागली, तेव्हा मी तिला अमरावतीला एका दंतवैद्याकडे घेऊन गेलो.

दातांच्या दवाखान्याचे माझ्या मनातले चित्र जुनेच होते. लहानपणी आम्ही ज्या डॉक्टरांकडे जात असू, त्यांच्या टेबलावर प्लास्टरचा एक जबडा असे. तो उघडून मिटून ते सारे समजावून देत, आणि आम्हां मुलांना दुखण्यापेक्षा त्या जबड्याचीच भीती अधिक वाटे. इथे जबडा नव्हता. खुर्चीसमोर पडदा होता. डॉक्टरांनी संगणकाच्या दोनचार कळा दाबल्या आणि पडद्यावर मोत्यासारखी एक दाढ गुलाबी हिरडीतून वर आली. मग ती काचेची झाली. आतला मऊ गाभा दिसला, मुळांत उतरलेल्या बारीक नळ्या दिसल्या. एक नाजूक हत्यार गोल गोल फिरत खाली गेले, नळ्या स्वच्छ झाल्या, त्यांत भराव बसला, वर टोपी चढली. साऱ्याला दीड मिनिट. ना रक्त, ना थुंकी, ना कण्हणे. ‘रूट कॅनाल’ हा शब्द मी शंभर वेळा ऐकला असेन. त्याचा अर्थ त्या दिवशी प्रथम कळला. मी थक्क झालो आणि त्या भरात म्हणालो, “करून टाका, डॉक्टर.”

“काहून रे,” आत्याबाई खुर्चीतून म्हणाली, “दात माहा हाय का तुहा?”

मग ती डॉक्टरांकडे वळली. “चितरातल्या दाताले धनीच नाही दिसत. मले एवढं सांगा, हे नाही केलं तं का होईन? दुसरं काही जमते का? अन् एवढं करून बिघडलं तं मंग?”

मी ओशाळलो, आणि त्याला कारण होते. २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रोग्याच्या संमतीविषयी एक महत्त्वाचा निकाल दिला. एका स्त्रीने केवळ तपासणीपुरती संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकली. न्यायालय म्हणाले, ही संमती नव्हे. उपचार कोणता, कशासाठी, त्यात धोका काय, दुसरा मार्ग कोणता, आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे रोग्याला कळले पाहिजे. आणि होकार त्याचा स्वतःचा हवा. आत्याबाईने तो निकाल वाचलेला नाही. मी वाचला होता, आणि मान डोलावून मोकळा झालो होतो. ती तर भुलीखालीही नव्हती!

त्या चित्रात खोटे काहीच नव्हते. डॉक्टरही लबाड नव्हते. बाहेर बाकावर दहा माणसे खोळंबली असता दीड मिनिटात समजावण्याची सोय कोण नाकारील? पण चित्रात फक्त साधलेला उपचार होता. फसलेल्या उपचाराचे चित्र कोणी तयार करवून घेत नाही. शिवाय ज्याने ते काढले, त्याने तंबाखूच्या मिश्रीने काळवंडलेला वऱ्हाडी जबडा जन्मात पाहिला नसावा. त्यानंतर तोंडात घालायच्या कॅमेऱ्याने खुद्द आत्याबाईची दाढ पडद्यावर आली, तेव्हा ती आमची वाटली खरी. पण एवढीशी कीड पडदाभर पसरून लोणारचे सरोवर झाली होती!

आत्याबाईच्या गावाहून माधान जवळ. तिथले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच आंधळे झाले. इतरांकडून वाचून घेऊन त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. परतताना मनात आले, असा रोगी या खुर्चीत बसला असता तर डॉक्टरांनी काय केले असते? त्यांना बोलावे लागले असते. आणि बोलू लागले की ‘बहुधा’, ‘नाहीतर’, ‘कदाचित’ हे शब्द आपोआप येतात. पडद्यावर ‘कदाचित’ कसा काढायचा?

म्हणून चित्र नकोच, असे मात्र मला म्हणवत नाही. अकोल्याला माझा एक भाचा आहे. खर्रा खाऊन खाऊन त्याचे तोंड दोन बोटेही उघडेना. सुपारीने गालाच्या आतला पडदा आखडतो, पूर्ववत होत नाही, पुढे कर्करोगाचेही भय असते, हे त्याला सगळ्यांनी सांगून झाले होते. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, हेही त्याला ठाऊक. तो खर्रा घोटून घेई. तिथल्या दंतवैद्याने त्याच्याच गालाचा पांढरा पडलेला फोटो त्याला दाखवला. तो गप्प झाला. त्या दिवसापासून खर्रा सुटला असे तो सांगतो; त्याची बायको यावर काही बोलत नाही. इथेही भीतीच घातली होती, पण मला ती खटकली नाही. दाखवणाऱ्याला तिथे काही विकायचे नव्हते म्हणून असेल. पण बरे करणाऱ्यानेही पोटासाठी काही विकू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

अमरावतीच्या डॉक्टरांनी अखेर पडदा बंद केला. चिठ्ठीच्या पाठीवर पेनाने एक वाकडीतिकडी दाढ काढली आणि दहा मिनिटे बोलले. दाढ वाचू शकेल, बहुधा तीन खेपा, वर टोपीचा खर्च; तरी कधीकधी पुन्हा दुखते. नाहीतर काढून टाकायची आणि पुढे कवळी. आत्याबाईने बसच्या वेळा आणि शेतातली निंदणी यांचा हिशेब केला आणि म्हणाली, “काढा.”

दाढ वाचली असती. डॉक्टरांना तसेच वाटत होते, मला आजही वाटते. घरी येईपर्यंत मी ते तिला दोनदा बोलूनही दाखवले. ती खिडकीतून पऱ्हाटी पाहत बसली होती. कवळी अजून बसायची आहे. यंदा तिच्यासाठी चकल्या वेगळ्या, अंमळ मऊ करायला सांगितल्या आहेत.