ओलीवरचा रंग



आज ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात 'शौच' या शब्दापाशी अडकले. शौच म्हणजे स्वच्छता, एवढंच आपण धरून चालतो. माउली मात्र कापराचा दाखला देतात: आत जे, बाहेरही तेच. आणि मग आतला मळ तसाच ठेवून वरवर केलेल्या नटण्याची अशी काही थट्टा करतात की वाचताना हसू येतं. प्रेताला केलेला शृंगार, कडू भोपळ्याला गुळाचा लेप, आणि ओसाड घराला बांधलेलं तोरण!

या तोरणावरून पुढे जाता येईना. एक मैत्रीण सध्या शेवगावकडचं घर विकायला काढतेय. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगितली गेली. हे घरही त्याच जिल्ह्यातलं. आजोबांच्या वेळचं माळवद, मागे नंतर काढलेल्या दोन पक्क्या खोल्या. दोन रविवार ती आणि भाऊ घर आवरतायत. जातं, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, कालनिर्णयचे गठ्ठे. देवघरातले टाक तिने स्वतः पुण्याला आणले. इथवर सगळं सरळ होतं. प्रश्न आला मागच्या भिंतीचा. दर पावसाळ्यात तिथे ओल येते, पोपडे सुटतात. रंगारी म्हणाला, "ताई, पुट्टी मारून रंग देतो, यंदा कोणाला कळणार नाय." भाऊ म्हणतो, सगळेच करतात. आणि पैसा चैनीसाठी नकोय, आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी हवाय. तिने मला विचारलं, "घर स्वच्छ करून दाखवणं पाप आहे का गं?"

स्वच्छ करणं मुळीच नाही. पाहुणे यायचे म्हटलं की आपण अंगण झाडतो, दिवाळीला चुना देतो, त्यात कोण कोणाला फसवतं? जाळी-जळमटं काढली की भिंत दिसायला लागते. पुट्टीने भिंत दिसेनाशी होते. दोन्हीला आपण 'साफसफाई' म्हणतो, तिथेच घोळ आहे.

गीतेतली यादी नीट पाहा. शौच येण्याआधी अदंभित्व आणि आर्जव येऊन जातात. दिखावा नको, मग सरळपणा, मग स्वच्छता. मला हा क्रम उगाच वाटत नाही.

भावाचं दुसरं म्हणणं असं, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. पण अकोल्याकडचा भाग सोडला तर आपला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेतला. मे महिन्यात कोरड्या ठणठणीत भिंतीकडे बघून ओल कोणाला दिसणार? वारणावतात पुरोचनाने बांधलेलं घरही देखणंच होतं. पांडवांना सावध करायला विदुर होता. घर बघायला आलेल्या जोडप्याला विदुर कुठून मिळणार? गंमत म्हणजे कायद्याने ते काम विकणाऱ्यावरच टाकलंय. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातलं ५५ वं कलम सांगतं की, वेगळा करार नसेल तर, घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचा.

आणखी एक पळवाट आपल्यासारख्या वाचन करणाऱ्यांना जास्त भुलवते. याच अध्यायात घरादारात गुंतू नये असंही आहे. माउली तर म्हणतात की वाटेत भेटलेल्या झाडाच्या सावलीइतकीही आस्था घरावर नसावी. मग विकलं की संपलं, भिंतीचं पुढे काय होईना! पण वाटसरू निघताना सावलीत काटे पसरून जात नाही. आणि ओल लपवणाऱ्याची आसक्ती सुटलेली असते कुठे? ती घरावरून उठून भावावर जाऊन बसलेली असते.

आईचं दुखणं खरं आहे, ते या तराजूत हलकं होत नाही. म्हणून मी तिला एवढंच विचारलं: हेच गिऱ्हाईक भर पावसात घर बघायला आलं, तर तुला चालेल का? ती बराच वेळ काही बोलली नाही.

काल तिचा फोन आला. रंगाऱ्याला सांगितलंय, ती एक भिंत सोडून बाकी सगळं रंगव. भाव किती उतरेल माहीत नाही. भाऊ अजून रुसलेलाच आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "ओल तुमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे, सांगून टाका."