शेवटच्या कडव्यातला वामन

चळवळीच्या गायकाची कारकीर्द मोजायची कशी, हा प्रश्न आपल्याकडे कुणाला फारसा पडत नाही. अमेरिकेत तो पडला. चर्चच्या गाण्यांवर वाढलेल्या मेव्हिस स्टेपल्स वडील-भावंडांबरोबर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्यासाठी गायल्या आणि २०१६ साली त्यांना केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. गाणं आणि लढा तिथे एकाच खात्यावर जमा झाले.

आपल्या आंबेडकरी चळवळीतल्या वामनदादा कर्डकांचं खातं मात्र समीक्षकांनी नीट उघडलंच नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत गिरणीत राबला, मोठेपणी अक्षरं शिकला आणि २००४ साली गेला तो हजारो गाणी मागे ठेवून. ‘प्रचारकी’ म्हणून त्यांना दारातच उभं केलं गेलं. मग अभंग तरी काय होता? तोही प्रचारच की! वामनदादांनी नवी चाल काढायचा हट्ट धरला नाही. तमाशा, कव्वाली, भजन, जे लोकांच्या कानात आधीच मुरलेलं होतं तेच उचललं आणि देवाच्या जागी माणूस उभा केला.

मराठवाड्याला या गाण्यांची गरज सगळ्यात जास्त पडली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि दलित वस्त्या पेटल्या. त्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एवढी वर्षं नुसत्या भाषणांवर निघत नसतात. वस्तीत माणसं धरून ठेवली ती गायन पार्ट्यांनी. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरस आणि पहाटेपर्यंत दोन पार्ट्यांचा जंगी सामना. गाणं भिडलं की कुणीतरी उठून पेटीवर दहाची नोट ठेवायचा, गायक कडवं थांबवून माईकवर त्याचं नाव पुकारायचा. आणि शेवटच्या कडव्यात, अभंगात येतं तसं, कवीचं नाव यायचं: वामन. गाणं कुणाचं, हे निरक्षर म्हातारीलाही तिथे कळायचं.

आता चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातही आंबेडकर जयंतीला डीजे लागतो. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही; वर्षभर दबून राहिलेल्या वस्तीला एक दिवस मोठ्यानं वाजवावंसं वाटलं, तर वाजवू द्या. तक्रार वेगळी आहे. डीजेवर मुखडा दोनदा वाजतो, मग नुसता ठोका, की लगेच पुढचं गाणं. शेवटचं कडवं येतच नाही आणि त्याबरोबर कवीही जातो. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलमुळे घरोघरी पोचल्या, पण तसं नशीब किती जणांचं?

तेव्हा जयंती मंडळांना एवढंच सांगणं आहे: मिरवणूक डीजेवर काढा, पण एक रात्र गायन पार्टीला द्या. मानधन आधी ठरवा, पूर्ण द्या, आणि शेवटचं कडवं होईपर्यंत जागचे उठू नका.