अडथळा कुणाचा?

स्वीडनच्या उत्तरेकडे सूचिपर्णी जंगलातून विंडेल नदी वाहते. तिला कितीतरी लहान ओढे येऊन मिळतात. वसंतात बर्फ वितळलं की ते दुथडी भरून धावतात. एकोणिसाव्या शतकात लाकूड-व्यापाऱ्यांना त्यात फुकटची वाट दिसली. ओंडके वर सोडायचे, खाली गोळा करायचे. पण मध्ये धोंडे! मग ते उचलून काठावर रचले, पुढे सुरुंगांनी फोडले, बुलडोझरने लोटले. ओढे सरळ झाले.

ओंडक्याला अडवणारा तोच धोंडा ट्राउट माशाचा मात्र आडोसा होता. आणि तिथल्या मोती-शिंपल्यांची पिल्लं बरेच महिने अशा माशांच्या कल्ल्यांना धरूनच वाढतात. मासा गेला, तर शंभराहून अधिक वर्षं जगणाऱ्या शिंपल्याचाही वंश खुंटतो.

धोंडे फोडणारे काही दुष्ट नव्हते हो. गारठ्यात पोटासाठी राबणारी माणसं ती. म्हणून तर प्रश्न अवघड. वाईट हेतूशिवायही केवढं मोडतं!

१९७६ साली विंडेलवरून ओंडके सोडणं थांबलं. लाकूड ट्रकमधून जाऊ लागलं. २०१० नंतर कितीतरी ओढ्यांत धोंडे परत टाकले. पण सुरुंगाने फुटलेले कसे सांधणार? मोठे धोंडे दुसरीकडून आणावे लागले.

घरातही एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आपण ‘सारखं मध्ये मध्ये येतात’ म्हणतो. त्यांच्या आडोशाला कोण कोण उभं आहे, ते आधी बघावं, नाही का? बाजूला ठेवलेलं परत आणता येतं, फोडलेलं नाही.