मैत्री म्हणजे मुकाट्याने सोसणे काय?



गेल्या वर्षावासात त्र्यंबकेश्वरी रविवारच्या वंदनेनंतर मी मैत्रीभावनेवर चार शब्द बोललो. सर्व प्राणी सुखी होवोत, शत्रूचेही भले होवो, असे नेहमीचेच बोलणे होते. ज्यांच्या कुटुंबाने दीक्षा घेऊन अजून वर्षही झाले नव्हते अशा एक मावशी पुढे बसल्या होत्या. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "गुरुजी, ज्यांनी माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांचंबी भलं चिंतायचं? सोसायचं तर आधीबी सोसतच होतो. मग धर्म बदलून पदरात काय पडलं?"

मी काहीतरी उत्तर दिले. ते पुस्तकी होते हे मला घरी जाताना कळले. तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न असणार, म्हणून हा लेख.

खरे सांगायचे तर हा प्रश्न मला त्याआधीच, तीन वर्षांपूर्वी इगतपुरीला पडला होता. त्र्यंबकहून घोटीमार्गे गेले की इगतपुरीच्या टेकडीवर धम्मगिरी आहे. १९७६ पासून तेथे विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चालतात. फी नाही, पहाटे चारला घंटा, नऊ दिवस कोणाशी बोलायचे नाही. सत्यनारायण गोयंका २०१३ साली वारले, पण रोज संध्याकाळी त्यांचे ध्वनिमुद्रित प्रवचन ऐकवतात. मंडालेच्या मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मलेला हा माणूस अर्धशिशीने त्रस्त होऊन १९५५ साली सयाजी ऊ बा खिन या गृहस्थ आचार्यांकडे गेला आणि १९६९ साली ती विद्या घेऊन भारतात आला. त्यांचा आवाज जड आणि संथ. क्रोध ज्याच्यावर करतो त्याच्यापर्यंत पोचण्याआधी तो आपल्यालाच जाळतो, हे ते अशा रीतीने सांगत की ऐकणाऱ्याला आपल्या छातीतली आग दिसावी. मला दिसली.

दहाव्या दिवशी मौन सुटण्यापूर्वी मैत्रीभावना शिकवतात. ज्यांनी दुखावले त्यांनाही मैत्री द्यायची. मी डोळे मिटून एकेकाला आठवत गेलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला मीच. वडिलांचे आयुष्य दुसऱ्यांच्या भातखाचरांत वाकून गेले. शाळेत नोकरी लागली तेव्हा मी गावात खोली शोधत होतो. एका घरमालकांनी खोली दाखवली, भाडे ठरले, चहा झाला. कप खाली ठेवताना त्यांनी आडनाव विचारले. मग त्यांना एकदम आठवले की पुतण्या शिकायला येणार आहे आणि खोली त्याला लागणार आहे. पुढच्याच आठवड्यात तेथे दुसरे एक शिक्षक राहायला गेले. फार मोठी गोष्ट नव्हे. तुमच्यातल्या कित्येकांनी याहून पुष्कळ भोगले आहे. पण त्या दिवशी धम्मगिरीवर त्या माणसाचे भले चिंतायला माझे मन काही केल्या तयार होईना, आणि मी तसाच उठलो.

आपल्यापैकी काहींना विपश्यना ही चळवळीतून काढलेली पळवाट वाटते. मला तसे वाटत नाही. पण गोयंकाजींच्या एका म्हणण्याशी माझा वाद आहे. २९ ऑगस्ट २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात जगभरचे धर्मनेते जमले असताना ते म्हणाले, त्याचा आशय असा की, मी परिवर्तनाच्या बाजूचा आहे, पण एका संघटित धर्मातून दुसऱ्या धर्मात जाण्याच्या नव्हे. दुःखातून सुखाकडे जाण्याच्या. ऐकायला किती गोड! परंतु वाचकहो, व्यापारी घराण्यात जन्मलेल्या माणसाला धर्म ही बाहेरची चौकट वाटू शकते. आपल्याला ती चौकट म्हणजेच दुःख होते. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, वरून ओतलेले पाणी हे कोणाच्या मनाचे विकार तर होतेच, पण त्यांना शास्त्राचा शिक्का होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला त्या धर्मातून बाहेर काढले तेच मुळी दुःखातून बाहेर काढणे होते.

पण त्यांच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग आपल्याला बोचला पाहिजे. धर्म बदलला आणि मन जिथल्या तिथे राहिले, तर काय? पूर्वाश्रमीच्या दुसऱ्या जातीतून आलेले कुटुंब विहारात येते तेव्हा आपण त्यांना पुढे बसवतो की दाराशी? त्यांच्या घरी मुलगी देतो का? येथे मी उत्तर देत नाही, तुम्हीच आपापल्या घरात द्या.

आता मावशींचा प्रश्न. मैत्री म्हणजे सोसणे काय?

तथागतांना कोणी शिवी दिली तेव्हा त्यांनी काय केले ते पाहा. श्रावस्तीत भिक्षेला फिरताना ते अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाच्या घराजवळ आले. होमाचा अग्नी पेटलेला होता. त्याने दुरूनच ओरडून त्यांना थांबवले आणि मुंडक्या, वृषला, असे म्हटले. ही कथा सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात आहे. बुद्ध संतापले नाहीत. पण मान खाली घालून पुढच्या दारीही गेले नाहीत! त्यांनी विचारले, वृषल कोण आणि माणूस वृषल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे का? ठाऊक नाही असे त्याला कबूल करावे लागले. मग त्यांनी एकेक सांगितले: म्हाताऱ्या आईबापांना सांभाळत नाही तो, घेतलेले कर्ज नाकारतो तो. जन्माने कोणी वृषल होत नाही आणि जन्माने ब्राह्मणही होत नाही. उदाहरण दिले ते चांडाळपुत्र मातंगाचे. शेवटी भारद्वाज उपासक झाला.

मैत्री ती ही. यात द्वेष नाही आणि मुकेपणही नाही. त्या माणसाचे भले व्हावे म्हणूनच त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगितली.

पुण्ण भिक्खूची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. सुनापरांताचे लोक शिव्या देतील, मारतील, असे बुद्धांनी विचारले तरी तो प्रत्येक वेळी म्हणाला, यापेक्षा वाईट केले नाही म्हणून मी त्यांना भलेच समजेन. सुनापरांत म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा मुलूख, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ही गोष्ट आपल्या मुलांना सांगताना एक मात्र विसरू नका: पुण्ण तेथे आपल्या इच्छेने गेला होता, धम्म सांगायला गेला होता. ज्याला दुसरा रस्ताच नाही त्याचे सोसणे ही क्षांती नव्हे, ती लाचारी. मावशींची आई ओंजळ पसरून उभी होती ती तहानेने.

बावीस प्रतिज्ञांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. सर्व माणसे समान मानीन ही नववी, समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन ही दहावी आणि प्राणिमात्रांवर दया करीन ही तेरावी. मला या क्रमात अर्थ दिसतो. समतेवाचूनची दया वरून पडते, त्या पाण्यासारखीच.

आपल्या त्र्यंबकलाच याचा दाखला आहे. १९२० नंतरच्या दशकात येथे चोखामेळ्याचे वेगळे देऊळ बांधावे असा विचार निघाला होता. सभा भरली, बाबासाहेब आले, आणि अस्पृश्यता नाहीशी करणे हेच चोखोबांचे खरे स्मारक, असे ठरले. वेगळ्या देवळात आपल्या लोकांना शांतता मिळाली असती, नाही असे नाही. ती शांतता त्यांनी नको म्हटली. पुढे २ मार्च १९३० रोजी नाशकात काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखी माणसे त्यात उभी राहिली. रामनवमीला दगड आले. माणसे शांततेने बसली, गप्प बसली नाहीत. (आज या गावी देशभरातून लोक श्राद्धाला, नारायण नागबळीला येतात, आणि पिंडदान करणार नाही अशी सहावी प्रतिज्ञा घेतलेली आपली घरे त्याच बाजारावर पोट भरतात. त्यावर पुन्हा केव्हातरी.)

आता माझे राहिलेले सांगतो. यंदा जूनमध्ये त्या घरमालकांचा नातू माझ्या पाचवीच्या वर्गात आला. मी त्याला कधी मारले नाही, रागावलो नाही. मनात म्हणत होतो, पाहा, आपल्या मनात द्वेष नाही. एके दिवशी गणिताच्या तासाला पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, तो मघापासून हात वर करतोय." मी मागे पाहिले. हात वर होता. आणि तो मघापासून नव्हे, जूनपासून वर असावा असे मला वाटले. मी त्या पोराला आडनाव पाहून खोली नाकारत होतो.

त्या दिवसापासून त्याला शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून अपूर्णांक शिकवू लागलो. धम्मगिरीवर न जमलेली मैत्री येथे फळ्यापाशी थोडी जमली. मात्र भारद्वाजाची कथा अर्धीच झाली होती.

दिवाळीआधी पालकसभेला आजोबा आले. नातवाचे कौतुक केल्याबद्दल हात जोडू लागले. म्हणाले, "गुरुजी, तेव्हाचं काही मनात ठेवू नका."

मी म्हणालो, "काका, मनात ठेवत नाही. पण एक विचारतो. पुतण्या येणार नव्हता ना?"

ते बराच वेळ नातवाच्या वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नव्हता."

पुढच्या रविवारी मावशींना हे सांगितले. त्या हसल्या नाहीत, वाहवाही केली नाही. "पोराला गणित येतं का आता?" एवढेच त्यांनी विचारले.

व्यवहारी अपूर्णांकांची बेरीज येते. वजाबाकी अजून कच्ची आहे.