विसर्जन न झालेले देव

कोल्हापुरात श्रीअंबाबाईच्या देवळापासून टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयापर्यंतचे अंतर पायी सहज तोडण्याजोगे आहे. परंतु एका ठिकाणी ज्या पाषाणाच्या दर्शनाला मनुष्य अनवाणी रांगेत उभा राहतो, त्याच जातीच्या पाषाणासमोर दुसऱ्या ठिकाणी तो वहाणांसकट उभा राहून शेजारची पाटी वाचतो, हा फरक नेमका कशाने पडतो, या प्रश्नाचा निकाल वाटतो तितका सोपा नाही. गाभारा सुटला की देवपणही सुटले, असे उत्तर चटकन सुचते खरे. आपली धर्मपरंपरा मात्र इतकी उतावीळ नाही.

पाथरवटाच्या हाताखाली असते तोवर शिळा आणि प्राणप्रतिष्ठा झाली की देवता, हे सर्वांस ठाऊकच आहे. पण येणे जसे विधीने, तसे जाणेही विधीनेच व्हावे लागते, ही दुसरी बाजू आपण दरवर्षी पाहूनही लक्षात ठेवीत नाही. घरच्या पार्थिव गणपतीची उत्तरपूजा होते, अक्षता पडतात, मूर्ती जागच्या जागी किंचित हलविली जाते, आणि त्यानंतरच ती पाण्याकडे निघते. अंबाबाईच्या मूर्तीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. शतकानुशतकांच्या उपचारांनी झिजलेल्या त्या मूर्तीस १९५५ साली वज्रलेप झाला, आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी तिचे संवर्धन केले, तेव्हा त्यांचे हात मूर्तीस लागण्यापूर्वी कलाकर्षणाचा विधी करून देवीचे तत्त्व कलशात घेण्यात आले. काम पुरे होईतो भाविकांनी कलशाचे व उत्सवमूर्तीचे दर्शन घेतले, आणि मग ते तत्त्व पुन्हा मूळ मूर्तीत स्थापिले गेले. देवता आणि दगड यांचा संबंध जोडता येतो, सोडविता येतो व पुन्हा जोडता येतो, अशी ही व्यवस्था आहे. पाहुणा घरी असताना घराच्या भिंती खरवडू नयेत, इतकी साधी रीत तिच्या मुळाशी आहे.

वस्तुसंग्रहालयात आलेल्या मूर्तींच्या बाबतीत हाच दुवा निखळलेला असतो. कोणी विहीर खणताना सापडलेली, कोणी पडक्या देवळाच्या ओवरीतून उचललेली. पंचनामा झाला, मूर्ती कचेरीत जमा झाली, दाखल नोंदवहीत क्रमांक पडला, आणि देव सरकारी जिन्नस ठरला. या साऱ्या दफ्तरी कारवाईत मूर्तीतील देवतेचे उत्थापन, म्हणजे विधीने निरोप देणे, कोणी केल्याचे ऐकिवात नाही. कायद्यालाही येथे थोडे अडखळावे लागते, ही गंमत नमूद करण्यासारखी आहे: देवतेस स्वतःची इच्छा व हित असलेली व्यक्ती मानावे, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली दिला होता, आणि तमिळनाडूतील पाथूरचा कांस्य नटराज जमिनीतून निघून चोरवाटेने लंडनला पोहोचला, तेव्हा त्याच्या भग्न देवळातील शिवलिंगासही वादी करण्यात आले व १९९१ साली इंग्रज अपील न्यायालयाने नटराज परत देण्याचा निकाल कायम केला. ज्यांना मूर्तिपूजेचे वावडे, त्यांच्या न्यायासनापुढे देवाने आपली फिर्याद चालवावी, याहून मोठे कौतुक ते कोणते!

खंडित मूर्तीचा पेच याहून अवघड. शास्त्र सांगते, ती पूजेत ठेवू नये, जलात सोडावी. वस्तुसंग्रहालय नेमकी तीच जपते. नाक झिजलेली, बाहू तुटलेली, आयुध हरपलेली. शास्त्राचा कटाक्ष असा, की रूप पंचभूतांचे आहे, ते त्यांना परत द्यावे. वस्तुसंग्रहालयाचा आग्रह असा, की ज्या हातांनी हे रूप कोरले ते हात पुन्हा यावयाचे नाहीत, म्हणून ते राखावे. मी या वादात वस्तुसंग्रहालयाच्या बाजूचा आहे. परंतु हे राखणे निरपराध आहे, असे मात्र मला म्हणवत नाही. अशा मूर्तीपुढे एखादी म्हातारी हात जोडते आणि पहारेकरी तिला पुढे सरकण्यास सांगतो, तेव्हा दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

याच टाऊन हॉलमध्ये एक देव असा आहे, की ज्याच्यापुढे म्हातारीचेही हात जुळत नाहीत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष निघाले. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे रीतसर उत्खनन केले. या ब्रह्मपुरीतच मिळालेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती वीतभरही उंचीची नाही. एक हात उंचावलेला, पण त्यातला त्रिशूळ गेलेला, आणि अंगाचा तोल एका पायावर सैल सोडलेला. रोमन व्यापाराबरोबर समुद्र ओलांडून, घाट चढून ती येथे आली. ज्याने ती घेतली, त्याने देव म्हणून घेतली की परदेशी नक्षीकाम म्हणून, हे तिच्या अंगावर कोठे लिहिलेले नाही. तिचा देव्हारा नाही, पुजारी नाही, तिची परत मागणी करणारे देऊळही भूतलावर नाही. तिला वस्तू म्हणण्यास माझे मन कचरत नाही. कचरते ते शेजारच्या विष्णूस तसे म्हणताना, कारण त्याची पूजा अजून गावोगाव चालू आहे.

म्हणून माझे मागणे फार नाही. मूर्तीखालच्या पाटीवर शतक, दगडाची जात आणि उंची लिहितात, त्याच ओळीत ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळात पूजेत होती आणि तेथून कशी हलली, हेही लिहावे. नोंदवहीत ते बहुधा असते. पाटीवर तेवढे उतरत नाही.