अर्धा तास दे, पांडुरंगा

पांडुरंगा, उभं राहणं म्हणजे काय ते तुला मी काय सांगावं! कमरेवर हात ठेवून तू विटेवर उभा आहेस, आणि दर ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी आमच्या नाशिकवरून तुझ्या भेटीला निघते. त्या दिंडीतले पाय चालून थकतात. माझ्यापुढच्या स्टुलावर येतात ते पाय मात्र उभं राहून राहून गेलेले असतात. पिंपळगाव, निफाडकडच्या द्राक्षबागांत मान वर करून छाटणी आणि विरळणी करणाऱ्या बायांचे. सातपूर-अंबडला मशीनपुढे पाळी भरणाऱ्यांचे. खानावळीत ओट्याशी उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या मावश्यांचे. मी त्यांचं ड्रेसिंग करणारी परिचारिका. आज त्यांच्यासाठी मागायला आले आहे.

किती बारकाईने केलंस रे हे शरीर! पाऊल टाकलं की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते, शिरांतल्या इवल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून, बाळंतपणांनी, वाढत्या वजनाने, कधी आईबापांकडून आलेल्या कमजोरीने त्या झडपा ढिल्या पडतात. मग रक्त घोट्याशी साचतं. शिरांच्या गाठी दिसू लागतात, कातडी काळपट आणि टणक होते, खाजते. आणि एके दिवशी खाटेचा कोपरा लागल्याचं निमित्त होऊन आतल्या घोट्याच्या वर जखम उघडते. ती महिनोन् महिने भरत नाही, भरली तरी पुन्हा फुटते.

देवा, ही जखम दुखते. मधुमेहाने पाय बधिर झालेले इतके लोक आपल्याकडे आहेत, की पायाची जखम दुखतच नसावी असं घरच्यांनाही वाटतं. ही रात्री झोपू देत नाही. चिकटलेलं गॉज सोडवताना दुखते. आणि सगळ्यात जास्त दुखते ती वरचा पिवळा, मेलेला थर चिमट्याने आणि ब्लेडने काढताना. तो थर काढल्याशिवाय पुष्कळ जखमा पुढे सरकत नाहीत, म्हणून काढावाच लागतो. आजी पदराचा बोळा दातांत धरतात आणि म्हणतात, "करा बाई तुम्ही, माझ्याकडं बघू नका." त्यांच्या सोसण्यापुढे मी मान लववते. पण विठ्ठला, त्यांनी एवढं सोसायची आता गरज उरलेली नाही.

जागा बधिर करणारं, ज्याला आम्ही लिग्नोकेन म्हणतो, ते औषध 1943 साली स्टॉकहोममध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी तयार केलं. लुंडक्विस्टने ते स्वतःच्याच अंगावर टोचून पाहिलं होतं. दुसऱ्याची वेदना थांबावी म्हणून आधी आपल्या अंगावर सुई घेणाऱ्या त्या तरुणासाठी मी तुझे आभार मानते. पुढे त्या औषधाच्या जोडीला त्याच जातीचं प्रिलोकेन आलं. या दोन पांढऱ्या भुकट्या सारख्या वजनाने एकत्र केल्या की खोलीतल्या साध्या उबेला वितळून तेल होतात, आणि त्या तेलाचं मलम बनतं. त्यात दोन्ही अडीच-अडीच टक्के. पदार्थांच्या पोटात असा गुण तू दडवून ठेवलास आणि तो शोधायची बुद्धीही माणसाला दिलीस. कॉक्रेन या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात पायाच्या अशाच जखमा साफ करतानाच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, 343 रुग्णांच्या. शून्य ते शंभरच्या पट्टीवर मलम लावलेल्यांची वेदना इतरांपेक्षा सरासरी वीस अंकांनी कमी भरली. वीस अंकांत आजींच्या तोंडातला पदर सुटतो, माउली. हे मलम प्रत्येक ड्रेसिंगच्या खोलीतल्या कपाटात असू दे.

पण नुसतं मलम देऊन भागायचं नाही. ते जखमेवर जाड थरात लावून वरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा झाकावा लागतो आणि थांबावं लागतं, अर्धा तास, कधी पाऊण, कधी पुरता एक. तेवढा वेळ दिला नाही तर लावलं काय आणि न लावलं काय. आणि बाहेर तर रांग आहे. कुणाची पेठ-सुरगाण्याची एसटी चुकणार आहे, कुणाची रोजंदारी बुडते आहे. आमच्याकडे सगळ्यात दुर्मिळ वस्तू कुठली असेल तर हा अर्धा तास.

तो मी तुझ्याकडे मागते, कारण तू स्वतः थांबलास. पुंडलिक आईबापांच्या पायांशी बसला होता, आणि तू दारात आलास तरी त्याने हातातलं काम सोडलं नाही. वीट फेकली आणि तुला थांबायला सांगितलं. तू रागावला नाहीस. दुखऱ्या पायांपाशी बसलेल्या माणसाला घाई करायची नसते हे तुला तेव्हाच कळलं होतं. तेच आमच्या डॉक्टरांना कळू दे, रांगेतल्यांना कळू दे, ड्युटीचा तक्ता लावणाऱ्यांना कळू दे. आल्या आल्या मलम लावून बाकावर बसवायचं आणि तोवर दुसऱ्याचं ड्रेसिंग उरकायचं, एवढी साधी घडी आम्हाला बसवता येऊ दे. मग पापुद्रा काढल्यावर रेंगाळू देऊ नकोस, बधिरपणा टिकून आहे तोवर हात चालू दे.

मला विवेकही दे. या मलमाने जखम भरत नाही, हे मी विसरू नये. भरते ती घट्ट पट्टा बांधून, पाय उशीवर उंच ठेवून, चालून. पट्टा आवळण्याआधी पावलावरची नाडी नीट तपासली जाऊ दे, कारण जिथे धमनीच अरुंद झाली आहे तिथे तो पट्टा पाय घालवेल. मलम एका वेळी दहा ग्रॅमच्या वर जाऊ नये, प्रिलोकेन जास्त झालं तर रक्त प्राणवायू नेईनासं होतं आणि ओठ निळे पडतात. कुणी ते दुकानातून आणून घरी रोज थापू नये. आणि दुखणं एकाएकी वाढलं, तर ते दाबून न टाकता जखम चिघळली का हे पाहण्याची मला सवय लागू दे.

नाशिकच्या म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, 1998 पासून. महाराष्ट्रभरातली डॉक्टर आणि परिचारिका होणारी पुष्कळ मुलं त्याच्या परीक्षा देतात. त्यांच्या हातात चिमटा देण्याआधी त्यांना "किती दुखतंय?" हे विचारायला शिकव. आणि आमच्या आजींना खरं उत्तर द्यायला शिकव. "काही नाही, चालायचंच" असं म्हणू देऊ नकोस. ज्या जखमेवर राख, हळद, तंबाखू दाबून आणली जाते, त्यामागे ड्रेसिंगच्या वेदनेची भीती किती वेळा असते ते मी पाहते. ती भीती गेली तर ही माणसं लवकर येतील.

आणि देवा, एक हवालदार येतात. त्यांची जखम आता रुपयाएवढी राहिली आहे. येत्या सिंहस्थात रामकुंडावर बंदोबस्त लागेल म्हणून ते आतापासून धास्तावले आहेत आणि साहेबांकडे बोलायला संकोचतात. त्यांना तेवढं बोलायचं बळ दे. जिथे नेमणूक होईल तिथे एक खुर्ची मिळू दे, आणि तासातासाला उठून थोडं चालून यायची परवानगी.