उशाशी बसून गावे ते कोणासाठी?



विरार लोकलमधले भजन तुम्ही ऐकले असेल. उभे राहायला जागा नसते, तरी टाळ वाजत राहतात. आमच्या डब्यातले एक जुने टाळकरी विरारला अंथरुणाला खिळले. आता औषधाचा उपाय नाही, घरी न्या, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही आठ जण टाळ-पखवाज घेऊन गेलो. खोली लहान, पण भजन रंगले. त्यांनी दोनदा हात उचलला. आम्हांला वाटले, ठेका धरताहेत. वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, ते थांबा म्हणताहेत."

माउली, मग आम्ही गात होतो ते कोणासाठी?

अखेरच्या दिवसांत संगीताने रुग्णाला किती आराम पडतो, याचा अभ्यास जगात चालू आहे. २०१० साली कोक्रेन या संस्थेने अशा संशोधनाचा आढावा घेतला. त्यात बसणारे अभ्यास अवघे पाच आणि रुग्ण १७५. उपयोग होत असावा, पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा प्रामाणिक निष्कर्ष. २०२० साली कॅनडातल्या अभ्यासकांनी दाखवले, की शेवटच्या घटकांत हाकेला ओ न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूही आवाजाची दखल घेतो. ऐकलेले त्यांना उमजते का, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

आपण म्हणू, नामाला पुरावा कशाला? खरे आहे. पण नाम वेगळे आणि आपले गाणे वेगळे. नामाची परीक्षा नको. आपल्या गाण्याची मात्र व्हावी. अभ्यासक निदान रुग्णाला विचारतात, 'बरे वाटले का?' आम्ही तेवढेही विचारले नव्हते. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचा महिमा आहे. ते स्मरण जाणाऱ्याचे असते. भागवतातल्या अजामिळाने हाक मारली ती स्वतःच्या मुलाला. तिथे टाळ नव्हते, पखवाज नव्हता.

म्हणून, माउली, कोणाच्या उशाशी जाल तेव्हा आधी विचारा: गाऊ का? कोणता अभंग, कोणती चाल? बोलता येत नसेल तर घरच्यांना विचारा. एकाच आवाजात, त्यांच्या श्वासाच्या संथ लयीत गा. कपाळाला आठी पडली, हात उचलला, तर थांबा. थांबलात म्हणून नामात खंड पडत नाही. आणि ते शुद्धीत नाहीत असे समजून खाटेपाशी वाटणीच्या, खर्चाच्या गोष्टी काढू नका. कान जागे असू शकतात.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. वहिनींनी सांगितले, हरिपाठ त्यांना पहाटे, विनाटाळ आवडायचा. त्यांचा हात हातात घेऊन मी हलक्या आवाजात म्हणू लागलो. मधेच थांबून विचारले, "पुरे का?" त्यांनी बोटे किंचित आवळली. त्याचा अर्थ काय, मी वहिनींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "म्हणा."

वेदना किती कमी झाली, ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी विचारून गायलो, एवढे मात्र खरे.

रामकृष्णहरी!